कंपनी नोंदलेली आहे. कागद कुठे नोंदला आहे?

पनवेलात पैसा आला तो जमिनीच्या वाटेने. आधी सिडकोचे साडेबारा टक्के भूखंड, मग विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांचे साडेबावीस टक्के, पाठोपाठ रस्त्यांचा आणि कॉरिडॉरचा मोबदला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बँक खात्यांवर लोकांचा डोळा होता. पैसा आला की फाइल घेऊन माणूस येतोच. तो बहुधा परका नसतो. भावकीतला असतो, शाळासोबती असतो, नाहीतर मुलीच्या सासरकडचा.

त्याच्या फाइलीतला क्रमही ठरलेला. वर कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, खाली पॅन, जीएसटी, उद्यम, गुमास्ता, एखादे चकचकीत आयएसओ. तळाशी पाचशेच्या मुद्रांकावरचा करारनामा, त्यावर नोटरीचा लाल शिक्का. ‘सगळं रजिस्टर्ड आहे दादा, बघून घ्या.’ दादा बघतात आणि खरोखरच सगळे रजिस्टर्ड असते. गुमास्ता दुकानाचा, जीएसटी कराचा, उद्यम लघुउद्योगाचा, नोटरी सहीचा. ज्या कागदाच्या बदल्यात दादांचे वीस लाख जाणार आहेत, तो शेअर, डिबेंचर, ‘युनिट’ किंवा ‘प्रॉफिट शेअरिंग सर्टिफिकेट’ विकायची परवानगी कोणी दिली, हे मात्र त्या फाइलीत कुठेच नसते. कंपनी जन्माला आली याचा दाखला वेगळा, तिला लोकांकडून पैसे गोळा करायची मुभा आहे याचा दाखला वेगळा. हा लेख या दुसऱ्या दाखल्याबद्दल आहे.

सुरुवात कंपनीच्या दाखल्यापासूनच करू, कारण बहुतेकदा उत्तर तिथेच छापलेले असते. प्रमाणपत्रावर सीआयएन नावाचा एकवीस अक्षरी क्रमांक असतो. पहिले अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध, ‘यू’ असेल तर नाही. मग उद्योगाचा पाच आकडी संकेतांक, मग राज्य (आपल्याकडे ‘एमएच’), मग स्थापनेचे वर्ष. त्यानंतरची तीन अक्षरे नीट वाचा. तिथे ‘पीटीसी’ असेल तर ती प्रायव्हेट कंपनी. कंपनी कायदा, २०१३ मधली प्रायव्हेट कंपनीची व्याख्याच सांगते की अशा कंपनीने आपले कोणतेही रोखे घेण्यासाठी जनतेला आवाहन करायचे नाही. म्हणजे ‘पीटीसी’वाली कंपनी हॉल घेऊन, चहा-समोसे देऊन, पडद्यावर आकडे दाखवून शेअर विकत असेल, तर तिने दाखवलेला दाखलाच तिच्याविरुद्ध पुरावा आहे. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेली कंपनी ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगते, तेव्हाही हाच क्रमांक कामी येतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकले की संचालक कोण, भांडवल किती, शेवटचा ताळेबंद कधी भरला, हे फुकटात दिसते. मुलांना सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.

आता विकणाऱ्याला काय करावे लागते ते पाहू. जनतेला शेअर विकायचे तर कंपनी पब्लिक हवी, बाजार नियामक सेबीकडे माहितीपत्रकाचा मसुदा द्यायला हवा, त्यावर सेबीची निरीक्षणे यायला हवीत, अंतिम माहितीपत्रक कंपनी निबंधकाकडे दाखल व्हायला हवे आणि शेअर बाजारात नोंदणीसाठी अर्ज करायला हवा. यात एक गंमत आहे. सेबी कोणताही इश्यू ‘मंजूर’ करत नाही. माहिती पुरी आणि खरी दिली आहे का, एवढेच ती पाहते, आणि तसे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापावे लागते. तेव्हा ‘सेबी अप्रूव्हड स्कीम’ असे म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. नियमाने चालणारा माणूस हे शब्द वापरत नाही.

दुसरा मार्ग खासगी विक्रीचा, म्हणजे प्रायव्हेट प्लेसमेंटचा. फसवणुकीची बरीचशी दुकाने याच पाटीखाली चालतात, म्हणून इथे जरा थांबू. कलम ४२ प्रमाणे एका आर्थिक वर्षात, एका प्रकारच्या रोख्यासाठी, जास्तीत जास्त दोनशे जणांना देकार देता येतो. मोठ्या वित्तसंस्था आणि शेअर मिळणारे कर्मचारी यात मोजत नाहीत. त्या दोनशे जणांची नावे आधीच ठरलेली आणि नोंदलेली हवीत. प्रत्येकाला त्याच्या नावाचे, क्रमांक घातलेले देकारपत्र, म्हणजे फॉर्म पास-४, मिळायला हवे. पैसे बँकेतूनच घ्यायचे, रोख नाही, आणि ते वेगळ्या खात्यात ठेवायचे. साठ दिवसांत शेअर द्यायचे. नाही दिले तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत, तेही चुकले तर साठाव्या दिवसापासून बारा टक्के व्याज. शेअर दिल्यावर पंधरा दिवसांत निबंधकाकडे वाटपाचा फॉर्म पास-३ भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. जाहिरात नाही, एजंट नाही, व्हॉट्सअॅपवर ‘फॉरवर्ड करा’ नाही. एजंटला कमिशन मिळते आहे असे कळले की ती खासगी विक्री उरत नाही.

हा दोनशेचा आकडा पूर्वी पन्नास होता आणि त्यावरूनच देशातला सर्वांत गाजलेला खटला झाला. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी ऐच्छिक परिवर्तनीय डिबेंचर विकून सुमारे २४ हजार कोटी रुपये उभे केले. त्यांची माहितीपत्रके निबंधकाकडे दाखल होती. एक कानपूरला, दुसरे इथे महाराष्ट्रात. सेबीकडे काहीच नव्हते. कंपन्यांचे म्हणणे असे की ही विक्री मित्र, सहकारी आणि कामगार यांच्यापुरती खासगी होती. असे ‘मित्र’ जवळपास तीन कोटी निघाले. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पन्नासाच्या पुढे गेलात म्हणजे ही जनतेला केलेली विक्री आहे, सेबीचे नियम लागू होतात, पंधरा टक्के व्याजासह पैसे परत करा. एका सरकारी कार्यालयात कागद दाखल आहे एवढ्यावर विसंबणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा. कार्यालय बरोबर हवे.

पनवेलात खरे उद्योजकही भरपूर आहेत. तळोजाच्या वसाहतीत छोटा कारखाना काढला, ऑर्डर आहेत, बँक तारण मागते, मग काका-मामा-मित्रांकडून भांडवल उभे करायचे ठरते. यात गैर काही नाही. फक्त वर सांगितलेला रस्ता धरा. विशेष ठराव करून तो निबंधकाकडे नोंदवा, नोंदणीकृत मूल्यांककाकडून शेअरची किंमत काढून घ्या, आणि छोट्या कंपनीच्या व्याख्येत बसत नसाल तर शेअर डिमॅट स्वरूपातच द्या. ‘अरे, घरचेच लोक आहेत’ म्हणून पाच लाख रोख घेऊन साध्या चिठ्ठीवर ‘दहा टक्के पार्टनर’ लिहून दिले, की पुढे तोच घरचा माणूस तक्रारदार होतो. कलम ४२ मोडले तर प्रवर्तक आणि संचालकांना उभी केलेली रक्कम किंवा दोन कोटी, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तीस दिवसांत सगळ्यांचे पैसे व्याजासह परत करावे लागतात. त्यापुढे कंपनी सेक्रेटरीची फी काहीच नाही. मुद्रांक शुल्काचा बाऊही करू नका. १ जुलै २०२० पासून नवीन शेअरवर देशभर एकच दर आहे, ०.००५ टक्के. लाखाला पाच रुपये.

राज्य सरकारचा या साऱ्यात भाग किती? अमेरिकेत शेअर विक्रीबाबत प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा आहे. कॅन्सस राज्याने १९११ मध्ये सुरुवात केली आणि तिथे आजही वॉशिंग्टनच्या जोडीने राज्याकडेही कागद द्यावा लागू शकतो. आपल्याकडेही एकेकाळी प्रांताचा कायदा होता; दलाल स्ट्रीटच्या बाजाराला मान्यता मिळाली ती १९२५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याखाली. राज्यघटनेने शेअर बाजार आणि कंपन्या हे विषय केंद्राकडे दिले, १९५६ साली केंद्राचा कायदा आला आणि १९९२ मध्ये सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. त्यामुळे शेअर विकण्याआधी महाराष्ट्र सरकारकडे नोंदवावे लागतात असे काही नाही. कोणी ‘मंत्रालयातून परमिशन आहे’ म्हणत शासनाच्या बोधचिन्हाचा कागद पुढे करत असेल तर तो सरळ खोटे बोलतो आहे.

राज्याचा कायदा आहे तो नंतरचा. महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. पोलीस ठाण्यात, कोर्टात त्याला सगळे ‘एमपीआयडी’च म्हणतात. पैसे बुडवणाऱ्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता सरकार जप्त करते, सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल अधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालय जप्ती कायम करते, मग लिलाव, मग वाटप. दोषींना सहा वर्षांपर्यंत कैद. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा कायदा रद्दच ठरवला होता. तमिळनाडूच्या तशाच कायद्यावर निकाल देताना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत खोडून काढले. २०२२ मध्ये एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) प्रकरणात त्याच न्यायालयाने ‘ठेव’ या शब्दाची व्याप्ती एवढी मोठी ठरवली की कागदावर ‘ठेव’ न लिहिता ‘ट्रेड’ लिहिले म्हणून सुटका होत नाही. कायदा चांगला आहे, पण बैल गेल्यावर झोपा करणारा आहे. पैसे हाती यायला वर्षे जातात आणि जे येतात ते लिलावात जेवढे वसूल होईल तेवढेच.

केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याने एक पाऊल आधी टाकले. ज्या योजनेची कोणत्याही नियामकाकडे नोंद नाही, तिच्यासाठी पैसे मागणे हाच गुन्हा, पैसे बुडायची वाट पाहायला नको. नुसते मागितले तरी एक ते पाच वर्षे, घेतले तर दोन ते सात वर्षे कैद. एजंटांनी हे नीट वाचावे. ‘मी फक्त ओळख करून दिली, माझेही पैसे अडकले’ ही सबब त्यात बसत नाही. आपल्या भागात गावातलेच शिक्षक, निवृत्त कर्मचारी, बचत गटातल्या ताई कमिशनसाठी पुढे केल्या जातात आणि गुन्हा दाखल होतो तेव्हा त्यांचीच नावे आधी येतात, कारण लोकांना तोंडओळख त्यांचीच असते.

टोरेसचे प्रकरण ताजे आहे. प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी निबंधकाकडे रीतसर नोंदलेली होती. दादरला झगमगीत दुकान, शाखांमध्ये नवी मुंबईतले सानपाडाही. पनवेलहून हार्बर लोकलने जायचे अंतर. मॉइसनाइट नावाचा कृत्रिम खडा विकत घ्या आणि दर आठवड्याला रकमेच्या काही टक्के परत मिळवा, अशी योजना. जानेवारी २०२५ मध्ये दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर आले, आणि एमपीआयडीसकट हे दोन्ही कायदे लागले. तिथे शेअर विकलेच नव्हते, खडा विकला होता. खडा खरेदी करणे हा कोणत्याही दुकानातला साधा व्यवहार असतो. पण त्यावर दर आठवड्याला पैसे मिळणार म्हटले की तो खडा निमित्तापुरता उरतो.

अशी निमित्ते महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली. पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकल्या. २०१६ मध्ये सेबीने सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितले. पुण्याच्या समृद्ध जीवनने शेळ्या आणि म्हशी विकल्या. सेबी कायद्याचे कलम ११एए अशा योजनांना सामूहिक गुंतवणूक योजना मानते, आणि चार खुणा सांगते: अनेकांचे पैसे एकत्र केले, ते नफ्याच्या आशेने दिले, कारभार दुसरा कोणी पाहतो, आणि रोजच्या व्यवहारावर पैसे देणाऱ्याचा ताबा नाही. शेळी तुमच्या नावावर असेल, पण ती कुठल्या गोठ्यात आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही शेळी घेतलेली नाही. नोंदणीशिवाय अशी योजना चालवणे बेकायदा आहे.

पनवेलात याचे आजचे रूप जमिनीचे. ‘विमानतळाभोवतीच्या नैनामध्ये पाच एकरांचा प्लॉट घेतोय, पन्नास जण मिळून, दोन वर्षांत दामदुप्पट.’ सातबारा मागा. त्यावर तुमचे नाव चढणार असेल, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाणार असेल, तर तो जमिनीचा व्यवहार. त्याचे धोके वेगळे, पण तो ओळखीचा. सातबारा कंपनीच्या नावावर आणि तुमच्या हातात ‘लँड युनिट’ असेल, तर सेबीचे पत्र मागा. इमारतीतल्या सदनिका असतील तर महारेराचा क्रमांक मागा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या, आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पात त्या क्रमांकाशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. ‘प्रीलाँच रेट’ हा शब्द ऐकला की समजा, नोंदणी झालेली नाही. आणि विमानतळाच्या कंपनीचे शेअर कोणी ‘आयपीओच्या आधी’ देऊ करत असेल तर एवढे माहीत असू द्या: त्या कंपनीत अदानी समूहाचे ७४ टक्के आहेत आणि सिडकोचे २६.

भिशीबद्दल अनेक जण विचारतात. इथे मात्र राज्याकडेच जावे लागते. केंद्राच्या १९८२ च्या चिट फंड कायद्याप्रमाणे, चालकाने कमिशन घेऊन चालवलेली चिट सुरू करण्याआधी राज्य सरकारची मंजुरी आणि नोंदणी लागते. कमिशनला सात टक्क्यांची मर्यादा आहे. आळीतल्या बारा बायकांची भिशी आणि भाड्याच्या गाळ्यात बसून तीनशे जणांची चिट चालवणारा माणूस यांत फरक करा.

पतसंस्थेचे सांगायचे तर ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते आणि ठेवी सभासदांकडूनच घेऊ शकते. तिला बँकेसारखा ठेव विमा नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेच्या वेळी हा फरक पनवेलकरांनी अंगावर अनुभवला. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. आत काय गैरव्यवहार झाले ते तपास यंत्रणा आणि न्यायालये पाहत आहेत, पण बँक परवानाधारक होती म्हणून पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते आणि बँकेच्याच आकडेवारीनुसार ९५ टक्के ठेवीदार त्या मर्यादेत बसत होते. नोंदणीने चोरी थांबतेच असे नाही. नोंदणी असली तर चोरीनंतर दार ठोठावायला कोणीतरी असते.

न्यू जर्सीतला भाचा स्टार्टअप काढतो आणि ‘मामा, पन्नास हजार डॉलर टाका’ म्हणतो, असेही आता घडते. त्यालाही तिकडे नियम आहेत. नोंदणीतून सवलत घेऊन शेअर विकत असेल तर पहिल्या विक्रीपासून पंधरा दिवसांत फॉर्म डी भरावा लागतो, तो तिकडच्या रोखे आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. इकडून पैसे पाठवताना बँकेमार्फतच, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, आणि बिगरसूचिबद्ध कंपनीचे शेअर घेता आहात हे फॉर्मवर खरे लिहून. ‘मेंटेनन्स ऑफ रिलेटिव्ह’ लिहून शेअर घेऊ नका.

मोबाइलवरून येणाऱ्या टिप्सच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः शोधा, त्याने पाठवलेल्या चित्रावर भिस्त ठेवू नका. ब्रोकर किंवा म्युच्युअल फंडाला यूपीआयने पैसे देताना पत्त्यात ‘@व्हॅलिड’ हे नवे चिन्ह आहे का पाहा. सेबीच्या ‘सेबी चेक’ या सुविधेत तो पत्ता तपासताही येतो.

पैसे देऊन बसला असाल तर लाजू नका आणि ‘बोंबाबोंब केली तर उरलेलेही जातील’ या सल्ल्याला भुलू नका. तो सल्ला बहुधा एजंटच देतो. पावत्या, चेकचे उतारे, व्हॉट्सअॅपचे संदेश, सभेची पत्रिका, एजंटची ओळखपत्रे एका जागी गोळा करा. मूळ पावती ‘रिन्यूअल’साठी परत मागितली तर देऊ नका. तक्रार पोलिसात, रक्कम मोठी असेल तर नवी मुंबई आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत. शेअर-डिबेंचरचे असेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर, ठेवीचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’वर, ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर. जितक्या लवकर तक्रार, तितकी जप्तीला मालमत्ता शिल्लक.

अजून पैसे दिले नसतील तर काम सोपे आहे. सेबीचा निःशुल्क क्रमांक १८०० २६६ ७५७५; मराठीतून बोलता येते. फाइल समोर ठेवा, कंपनीचे नाव सांगा, आणि विचारा की हा कागद लोकांना विकायची नोंदणी यांच्याकडे आहे का. चेकवर सही त्या फोननंतर करा.